एकाच पंगतीत, निरनिराळ्या वेळी

वसतिगृहातील मुले एकाच पंगतीत जेवतात, एकाच घंटेला उठतात. तरीही एखाद्याचा आवाज सातवीतच फुटतो आणि दुसऱ्याला दहावी संपेपर्यंत मिसरूडही फुटत नाही. विश्रांतवाडीला मूल ठेवून गावी परतलेल्या आईवडिलांना मग चिंता वाटते, की जेवणात काही कमी पडते आहे का? उत्तराचा मोठा भाग त्यांच्या घरातच असतो, असे आम्हांस वाटते.

वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस हा भाग बालपणी जवळजवळ गप्प असतो. पुढे तो ठरावीक लयीने संप्रेरक सोडू लागतो, पियुषिका ग्रंथी जागी होते आणि तिच्या आज्ञेने बीजांडकोश किंवा वृषणे कामाला लागतात. मुलींत हे सहसा ८ ते १३, मुलांत ९ ते १४ या वयात घडते. सारख्या परिस्थितीत वाढलेल्यांतील या अंतराचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा आनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते.

हे काम एका जनुकाचे नव्हे. २०२४ मध्ये सुमारे आठ लाख स्त्रियांच्या अभ्यासात ऋतुप्राप्तीच्या वयाशी निगडित हजाराहून अधिक जनुकीय स्थाने आढळली. त्या स्त्रिया मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. त्यावरून आपल्या मुलांचे भाकीत करणे घाईचे ठरेल.

एक जनुक मात्र विलक्षण आहे. एमकेआरएन३ हे जनुक या यंत्रणेवरचा लगाम आहे. त्याची आईकडून आलेली प्रत मुकी असते. बोलते ती फक्त वडिलांची. त्यात दोष असेल तर मूल फार लवकर वयात येते, हे २०१३ मध्ये उलगडले. दोष आईकडून आला तर त्या पिढीत काहीच दिसत नाही. मुलामार्फत पुढे गेला की नातवंडांत उमटतो. म्हणून केवळ आईला विचारून भागत नाही. वडिलांना वय आठवत नसते. 'दहावीनंतर उंची वाढली का?' असे विचारले की आठवते.

पण जनुके एकटी काही ठरवीत नाहीत. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींना सरासरीपेक्षा बरेच लवकर न्हाण आल्याचे १९९१ मध्ये नोंदले गेले. रक्त तेच होते, ताट बदलले होते. उलट १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आजीचे उशिरा न्हाण येणे हा वारसा की उपासमार, हे तपासूनच बोलावे.

पाचवीत न्हाण आलेली मुलगी मनाने पाचवीचीच असते. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढू नये. आरोग्यपत्रकात उंची-वजनाशेजारी आईवडिलांच्या वयात येण्याची नोंद असावी, अशी आमची सूचना आहे. उंची-वजन ताडून पाहण्यास बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत. त्यांमागे पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचे मोठे काम आहे.

मुलीत आठ, मुलात नऊ वर्षांपूर्वी चिन्हे दिसली, किंवा मुलीत तेराव्या, मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच दिसले नाही, तर 'आमच्यात असेच असते' म्हणून थांबू नये. कालमन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात वयात येणे रखडते आणि वासही येत नाही, कारण गर्भावस्थेत संबंधित पेशी नाकाच्या वाटेनेच मेंदूत जातात. स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास मुलाला कळत नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.