रोगाचा नकाशा आणि गृहस्थाचें कर्तव्य

पावसाळा सरत आला, म्हणजे आपल्या शहरांतील मोठ्या कुटुंबांत एकादें तरी माणूस तापानें अंथरुणास खिळतें. ताप उतरला कीं आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. पण हा ताप कोठून आला आणि येथून कोठें जाणार, हा प्रश्न आपल्यापैकीं थोडेच विचारतात. एका नगरानें तो कसा विचारला व उत्तरासाठीं कोणती योजना केली, हें वाचकांस सांगावें असा आमचा आज हेतु आहे.

तें नगर म्हणजे सिंगापूर. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर उष्मा व पाऊस बारमाही; त्यामुळें डेंग्यू तेथें पाहुणा न राहतां घरचाच होऊन बसला आहे. हा रोग पसरविणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्टाय. अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेल्या या डासाची मादीच तेवढी चावते, आणि तीहि बहुधा दिवसा. तिला गटाराचें घाण पाणी नको. फुलदाणींतील, कुंडीखालच्या बशींतील, उघड्या पिंपांतील स्वच्छ पाणीच तिला प्रिय. आजारी माणसास ती चावली, म्हणजे सुमारें आठ ते बारा दिवसांत रोगाचे विषाणु तिच्या लाळेंत उतरतात, आणि पुढें जिवंत असेपर्यंत ती रोग वांटीत फिरते. मात्र तिची धांव लांबची नसते. शेजारच्या दोनचार इमारतींतच तिचा बहुतेक संसार आटोपतो.

याच गोष्टीवर नकाशाची उभारणी आहे. सिंगापुरांत डेंग्यूचा रोगी आढळला कीं त्याची खबर सरकारास देणें वैद्यकीय व्यावसायिकांवर कायद्यानें बंधनकारक आहे. रोग्याचें ठिकाण संगणकाच्या नकाशावर टिपलें जातें. चौदा दिवसांच्या आंत व एकमेकांपासून दीडशें मीटरांच्या आंत दोन किंवा अधिक माणसें आजारी पडलीं, तर तेथें रोगाचा पुंजका झाला असें मानतात. राष्ट्रीय पर्यावरण संस्था हे पुंजके आपल्या संकेतस्थळावर सर्वांस पाहावयास ठेवते. दहांहून कमी रोगी असल्यास पिंवळा रंग, दहा किंवा अधिक असल्यास तांबडा. नवीन रोगी येणें थांबलें म्हणजे हिरवा, पण त्यानंतरहि तीन आठवडे पाळत सुटत नाहीं. हेच रंग वस्तींतील फलकांवरहि दिसतात. त्यामुळें आपल्या अंगणाशीं संकट किती जवळ आलें आहे, हें शाळकरी मुलासहि कळतें.

रोगी मोजणें ही झाली अर्धी गोष्ट. माणसें आजारी पडण्यापूर्वींच डासांची वाढ कळावी, म्हणून तेथील इमारतींतून हजारों सापळे मांडले आहेत. सापळा म्हणजे एक काळें नळकांडें. तळाशीं पाणी, आंतल्या बाजूस चिकट थर. अंडीं घालावयास आलेली मादी त्यांत अडकते. कोठें किती अडकल्या याची नोंद झाली, कीं माणसें अंदाजानें न धाडतां जेथें गरज तेथेंच धाडतां येतात.

स्पेन देशांत २०१४ सालापासून हेंच काम सामान्य नागरिकांच्या हातीं दिलें आहे. दिसलेल्या डासाचें छायाचित्र मोबाइलवरून पाठवावें, तज्ज्ञांनीं तें पारखावें व नकाशावर त्याची नोंद व्हावी, अशी ही पद्धति. तिच्यामुळेंच २०१८ सालीं आस्तुरियास प्रांतांत एडिस जापोनिकस ही परकी जात प्रथम उघडकीस आली.

येथें कोणी म्हणेल, “आमच्या घरचें दुखणें असें चव्हाट्यावर मांडावयाचें काय?” ही शंका क्षुल्लक नव्हे. १८९७ सालीं पुण्यास प्लेगाच्या वेळीं घरोघर झडत्या झाल्या आणि त्यांच्या धाकानें लोक आपलीं आजारी माणसें लपवूं लागले, ही कथा पुष्कळ कुटुंबांत अद्याप सांगतात. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. एकाच सालानें आपणांस शास्त्रहि दिलें आणि लोकांचा विश्वास नसेल तर उपाय लंगडा पडतो, हा धडाहि दिला. म्हणूनच सिंगापूरचा नकाशा रस्ता व रोग्यांची संख्या दाखवितो. रोग्याचें नांव दाखवीत नाहीं. ही मर्यादा पाळली तरच लोक आजार मोकळेपणानें कळवितात, आणि लोकांनीं कळविलें तरच नकाशा खरा ठरतो.

तथापि नकाशा म्हणजे औषध नव्हे. इतकी तयारी असूनहि २०२० सालीं सिंगापुरांत डेंग्यूचे ३५,०००हून अधिक रोगी झाले. नकाशा रोग कोठें आहे तें सांगतो. बशींतील पाणी ओतून टाकणें हें घरच्या माणसाच्याच हातीं असतें.

आपल्या एकत्र कुटुंबांत नेमकी येथेंच अडचण असते. जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नव्हे! गच्चीवरच्या टाकीचें झाकण फुटलेलें सर्वांनीं पाहिलेलें असतें; पण तें बदलावयाचें कोणी, हें ठरलेलें नसतें. आमची सूचना इतकीच, कीं कामें नांवानिशीं वांटावीं. टाकी व पन्हळी पुरुषांनीं पाहाव्या. कुंड्यांच्या बश्या व अडगळींतील टायर मुलांनीं. पिंपें, फुलदाण्या व फ्रिजच्या मागचें पाण्याचें तबक जो घरांत असेल त्यानें. उबदार हवेंत अंड्यापासून डास होण्यास आठवडादहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास आपल्या नगरपालिका सांगतात, त्यांत मर्म आहे. मात्र नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून कोरडीं असतांहि महिनोनमहिने टिकतात. भांडें घासलेंच पाहिजे.

आणि तापाचें माणूस घरांत असेल, तर त्याला दिवसाहि मच्छरदाणींत ठेवावें व डेंग्यू ठरतांच नगरपालिकेस कळवावें. दीडशें मीटरांच्या टापूंत आपलें एकच घर नसतें. पलीकडच्या बिऱ्हाडांतील पाळण्यांतलें मूलहि त्याच टापूंत निजलेलें असतें.