अरण्यातील पहारा

भिलाई हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे झोतभट्ट्या आणि उंच धुराडी उभी राहतात. सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्याच मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली नगरात मैत्रीबाग हे प्राणिसंग्रहालय स्थापन झाले. तेथील पांढरे वाघ पाहावयास दूरदूरची माणसे येतात. खंदकापलीकडे पहुडलेला वाघ पाहणे निर्धोक असते, कारण कुंपण कोठे आहे हे वाघालाही ठाऊक असते आणि प्रेक्षकालाही. छत्तीसगडच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे ४१ टक्के भूमी मात्र अशा कोणत्याही कुंपणावाचून वनाच्छादित आहे. आग्नेयेस गरियाबंद व धमतरी जिल्ह्यांत पसरलेले उदंती-सीतानदी व्याघ्र अभयारण्य सुमारे १,८४२ चौरस किलोमीटरचे आहे. दक्षिणेस बस्तरच्या मुलखात कांगेर खोरे आणि इंद्रावती ही राष्ट्रीय उद्याने आहेत, आणि पश्चिमेस रेल्वेमार्गाने गेल्यास काही तासांतच गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याची वने लागतात. या सर्व अरण्यांत कायद्याचा अंमल चालविणारा आणि संकटाच्या वेळी प्रथम धावून जाणारा मनुष्य एकच असतो, तो म्हणजे वनरक्षक.

१९५६ पर्यंत दुर्ग-भिलाईचा प्रदेश आणि विदर्भ यांचा कारभार नागपूर या एकाच राजधानीतून चाले. त्यामुळे वनखात्याची रचना सीमेच्या दोन्ही बाजूंस आजही पुष्कळशी सारखी आहे. अरण्याचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भाग एका वनरक्षकाच्या स्वाधीन करतात. या भागास नियतक्षेत्र अथवा बोलीत बीट असे म्हणतात. काही बीटांवर एक वनपाल आणि त्यांच्यावर वनक्षेत्रपाल असतो. यालाच लोक रेंजर म्हणून ओळखतात. बीटमधून पायी फिरणे हे वनरक्षकाचे मुख्य काम होय. पाणवठ्याच्या काठचे ठसे पाहणे, तुटलेल्या फांद्या आणि नवी पायवाट हेरणे, कोठे धूर दिसतो काय हे न्याहाळणे, ही कामे ऐकावयास सोपी वाटतात. परंतु अनोळखी चपलेचा एक ठसा वेळीच दिसला तर एखाद्या प्राण्याचे प्राण वाचतात, आणि तो नजरेतून सुटला तर आठवड्यानंतर केवळ कुजलेले शव हाती लागते. २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांतून या फेऱ्यांची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने ठेवण्यात येऊ लागली आहे. वनरक्षक कोणत्या वाटेने गेला आणि त्यास कोठे काय आढळले, हे नकाशावर उमटते. कोणत्या भागाकडे पुष्कळ दिवसांत पाऊल वळलेले नाही, हेही त्याच नकाशावरून कळते, आणि शिकारी नेमके अशाच भागाच्या शोधात असतात.

पायी फिरणारा मनुष्य अरण्यातील प्राण्यांच्या बरोबरीच्या पातळीवर येतो. त्याचे परिणाम कसे होतात, हे महासमुंद जिल्ह्यातील एका घटनेवरून ध्यानात येईल. १२ मार्च २०१६ रोजी तेथे एका अस्वलाने तिघांचे प्राण घेतले. दोघे गावकरी होते. तिसरा त्या अस्वलाचा बंदोबस्त करावयास गेलेला वनखात्याचा उपवनक्षेत्रपाल होता. अखेरीस पोलिसांनी गोळ्या घालून अस्वलास ठार केले. मार्च महिना हा मोहाची फुले गळण्याचा काळ. फुले रात्री गळतात, म्हणून आदिवासी स्त्रीपुरुष टोपल्या घेऊन पहाटेसच झाडाखाली जातात. अस्वलासही ही फुले अत्यंत प्रिय असल्याने तेही त्याच वेळी तेथे येते. अस्वलाची दृष्टी अधू असते आणि त्याचा सारा भर घ्राणेंद्रियावर असतो. वारा उलटा असला, किंवा वारूळ उकरण्यात ते गढून गेलेले असले, तर मनुष्य दहा पावलांवर येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाही. मग ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी पुष्कळदा चेहऱ्यावर व मस्तकावर झडप घालते. त्यात क्रौर्य शोधणे व्यर्थ आहे. एक प्राणी केवळ भ्यालेला असतो. वनरक्षक वाटेने चालताना मोठ्याने बोलतात वा काठी आपटतात, ते यासाठीच.

वाघाची गोष्ट निराळी. त्याला मनुष्य दुरूनच दिसलेला असतो आणि बहुधा तो आपण होऊन बाजूला होतो. परंतु ‘बहुधा’ या शब्दात धोका उरतोच. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मदतनिसांसह वाघांच्या खुणांची पाहणी करीत होती. ही पाहणी देशव्यापी व्याघ्रगणनेचा भाग असून ती पायीच करावी लागते. सुमारे दोनशे मीटरवर वाटेत एक वाघीण बसलेली दिसली. पथक जवळजवळ अर्धा तास थांबले. नंतर त्याने दाट झाडीतून वळसा घेतला. वाघिणीने झडप घातली ती सर्वांत मागे चालणाऱ्या त्या वनरक्षकावर. ती वाचली नाही. त्या दिवशी केलेले वर्तन अविचाराचे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. पथक थांबले होते, वाट सोडली होती, संख्याही चार होती. झाडीत शिरताच मात्र वाघीण दिसेनाशी झाली, आणि तिच्या दृष्टीने माणसे अधिक जवळ आली. त्या प्रसंगानंतर तेथील पायी पाहणी काही काळ स्थगित ठेवण्यात आली. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांची संख्या सरासरी ३,६८२ भरली, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात आणि १७ छत्तीसगडात. या आकड्यांच्या मागे अशी मोजणी असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

तथापि वनरक्षकास सर्वाधिक जपावे लागते ते वन्य प्राण्याला नव्हे, माणसाने पसरलेल्या तारेला. रानडुक्कर वा हरीण मारण्यासाठी, क्वचित पिकाच्या राखणीसाठी, काही लोक वनाजवळून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकतात आणि तेथून एक उघडी तार गुडघाभर उंचीच्या खुंट्यांवर दूरवर ओढतात. ११,००० व्होल्ट हा दोन तारांमधील दाब होय. एक तार आणि जमीन यांच्यामधील दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. तारेला शिवणाऱ्या प्राण्याचे पाय जमिनीवर असल्यामुळे त्याच्या देहातून विजेचा मार्ग पूर्ण होतो. जमीन ओली असल्यास तो अधिकच सुलभ होतो. ही तार डुक्कर, वाघ, हत्ती आणि मनुष्य यांच्यात भेद करीत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ या नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. अंधारात गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला ही तार दिसणे जवळजवळ अशक्य असते. येथे वीजशास्त्रच त्याच्या साहाय्यास येते. जमिनीकडे वीज वाहू लागली की उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेला तो दोष जाणवतो आणि वाहिनी क्षणभर वा दीर्घकाळ बंद पडते. आडरात्री वनालगतची वाहिनी विनाकारण बंद पडली, तर वीजमंडळाच्या कर्मचाऱ्याने ती वार्ता वनखात्यास कळवावी, अशी व्यवस्था विदर्भात करण्यात आली आहे. अशा वेळी दोन्ही खात्यांची माणसे मिळून वाहिनीच्या कडेने चालत जातात. वीज पुन्हा सोडण्यापूर्वी हे झाले पाहिजे, अन्यथा शोधणाराच बळी पडावयाचा.

लोखंडी सापळे ही दुसरी आपत्ती. एप्रिल २०१२ मध्ये ताडोबाच्या परिसरात दोन वाघ सापळ्यांत सापडले आणि त्यांतील एक मेला. तेव्हापासून धातुशोधक यंत्र घेऊन पाणवठ्यांच्या वाटा तपासण्याची प्रथा पडली. पुढल्याच वर्षी, २०१३ साली, मेळघाटातील वाघांच्या शिकारीचा तपास करताना वनखात्याने दूरध्वनीच्या नोंदींचा माग काढण्याचे स्वतंत्र पथक उभारले. सापळा लावणारा एका गावचा, कातडे नेणारा दुसऱ्या राज्याचा आणि विकत घेणारा तिसऱ्याच शहरातला, ही साखळी त्या नोंदींवरून उलगडत गेली.

आता कायद्याकडे वळू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ५० अन्वये वनाधिकाऱ्यास संशयास सबळ कारण असेल तर वाहन थांबविण्याचा, झडती घेण्याचा, माल जप्त करण्याचा आणि अधिपत्राशिवाय अटक करण्याचा अधिकार आहे. अटक झालेल्या मनुष्यास, राज्यघटनेनुसार, प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. दुर्गम अरण्यात हे चोवीस तास पाहता पाहता सरतात. घटनास्थळाचा पंचनामा करावयाचा, पंच मिळवावयाचे, मुद्देमालावर मोहोर लावावयाची, मांसाचा वा केसाचा नमुना परीक्षेसाठी पाठवावयाचा, आणि हे सर्व लेखी असावयास हवे. बहुसंख्य खटल्यांचा निकाल बंदुकीवर नव्हे, या कागदांवर लागतो. पंचनाम्यात एक वेळ चुकीची पडली, की बचावाचा वकील तेवढ्यावर सारा पुरावा डळमळीत करू शकतो.

त्याच कलमात आणखी एक मोठा अधिकार आहे. राज्य शासनाने प्राधिकृत केलेला, सहायक वनसंरक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी साक्षी-पुरावा नोंदवू शकतो, आणि तो पुरावा आरोपीच्या समक्ष घेतलेला असल्यास न्यायालयात ग्राह्य ठरतो. पोलिसापुढे दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. वनाधिकारी मात्र पोलीस अधिकारी मानला जात नाही. म्हणूनच हा अधिकार अतिशय सांभाळून वापरावयास हवा. सापळा लावताना पकडला जातो तो पुष्कळदा वाट दाखविण्याचे चार पैसे मिळालेला गरीब वनवासी असतो. व्यापारी तेथून शेकडो कोस दूर बसलेला असतो. केवळ पहिल्याला तुरुंगात धाडून तपास संपविणे सोपे, पण निष्फळ आहे.

शिक्षेची तरतूद कडक आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात शिकार केल्यास कमीत कमी तीन आणि अधिकात अधिक सात वर्षांचा कारावास, शिवाय ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होतो; पुन्हा तोच अपराध केल्यास कमीत कमी सात वर्षे कारावास आहे. दुसऱ्या बाजूस, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावनेने वन्य प्राण्यास मारणे हा कलम ११ अन्वये अपराध नव्हे. मात्र त्या क्षणी तो मनुष्य याच कायद्याचा भंग करीत असेल, तर त्यास ही सवलत मिळत नाही.

कायदा जेथे पोहोचू शकत नाही अशी अरण्येही असतात. इंद्रावती राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या भागात सशस्त्र माओवाद्यांमुळे कित्येक वर्षे वनकर्मचाऱ्यांना जाताच येत नसे. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील एका वनक्षेत्रपालाची हत्या झाली. त्या मुलखातील बीटगार्ड गणवेश न घालता जात आणि हाती काठीच असे. जगात अन्यत्रही हेच घडते. आफ्रिकेतील कांगो देशात विरुंगा राष्ट्रीय उद्यानाचे बारा रक्षक २४ एप्रिल २०२० या एकाच दिवशी सशस्त्र टोळीच्या हल्ल्यात मारले गेले.

अलीकडे या पहाऱ्यावर एक नवे काम येऊन पडले आहे. छत्तीसगडात ठिकठिकाणी फिरणारे हत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये सीमा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात उतरले आणि पुढे गोंदियाकडेही गेले. उदंती-सीतानदीत कळपामागोमाग पायी चालणारे पथक त्याचे ठिकाण मोबाईलवर नोंदविते, आणि आसपासच्या गावकऱ्यांस तत्काळ सूचना जाते. गडचिरोलीच्या वनरक्षकांना मात्र या प्राण्याची मुळीच सवय नव्हती. पश्चिम बंगालमधील जाणत्या माणसांचे साहाय्य घ्यावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये आरमोरी तालुक्यात कळपावर लक्ष ठेवावयास गेलेल्या वनखात्याच्या वाहनचालकाचा हत्तीने बळी घेतला. कळप प्रायः रात्री चालतो आणि धानाच्या वासाने गावाकडे वळतो. म्हणून सायंकाळी त्याची दिशा पाहून ठेवावयाची, पुढील गावास कळवावयाचे, घरात साठविलेल्या मोहफुलांचा वास हत्तीस ओढून आणतो हे घरोघर सांगावयाचे, आणि अंधार पडल्यावर कळप व वस्ती यांच्या मधोमध, पण कळपापासून पुरेशा अंतरावर, बॅटरी घेऊन उभे राहावयाचे, असा आता तेथील वनरक्षकांचा क्रम झाला आहे.