कोडे घालणाऱ्यास अभिप्राय हवा, पण कोणता?

परीक्षेचा प्रश्न संदिग्ध आहे की नाही, हे तो काढणाऱ्या शिक्षकास सहसा कळत नाही. कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. दोष उघडा पडतो तो परीक्षागृहात, एखादा हुशार मुलगा गोंधळून मान वर करतो तेव्हा. संगणकावरील रहस्यखेळ रचणारा नेमका याच अडचणीत असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत वाचकाच्या नजरेतून धागा निसटला, तरी झुंजार शेवटी सारे उलगडून सांगे. खेळात झुंजार म्हणजे खेळणाराच. तो अडला की कथाही तेथेच थांबली.

लुकास पोप या अमेरिकी रचनाकाराने जवळजवळ एकट्याने केलेला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा खेळ २०१८ मध्ये आला. पण त्याचा एक नमुना २०१४ मध्येच खेळणाऱ्यांच्या हाती पडला होता. बेपत्ता झालेले एक व्यापारी जहाज १८०७ मध्ये निर्मनुष्य परत येते आणि त्यावरील साठ माणसांपैकी कोणाचे काय झाले, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा-निरीक्षकाने शोधावयाचे, असे त्याचे कथानक आहे. तीन माणसांची माहिती अचूक भरल्याखेरीज खेळ 'बरोबर' म्हणत नाही. ही अट जाचक वाटते खरी. पण एकेका नावाला होकार मिळू लागला, तर तर्क सोडून जो तो नुसते अंदाज ठोकीत बसेल. अट सैल करा म्हणणाऱ्याचा त्रास खरा असतो, त्याने सुचविलेला उपाय मात्र खोटा असतो.

म्हणून 'छान आहे' किंवा 'फार अवघड आहे' या अभिप्रायांनी रचनाकाराच्या पदरी काही पडत नाही. मी कोठे अडलो, कोणत्या पुराव्यावरून कोणावर संशय घेतला, हे त्याला हवे असते. उत्तर कळल्यावर खेळणारा 'अरेच्चा, हे तर समोरच होते!' म्हणाला, तर कोडे कठीण असूनही न्याय्य. 'हे मला कळणार तरी कसे?' म्हणाला, तर दोष रचनेचा.

असा एक अभिप्राय रत्नागिरीकराने द्यावा, असे या जहाजावर काही आहे. खलाशांच्या यादीत चार हिंदी माणसे आहेत : सॉलोमन सय्यद, रेनफ्रेड राजुब, विल्यम वसीम आणि अब्राहम अकबर. त्यांतले पहिले दोघे छातीच्या विकाराने दगावतात. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या बोटींवर या जिल्ह्याने, विशेषतः येथील कोकणी मुसलमान कुटुंबांनी, पिढ्यान्‌पिढ्या खलाशी पुरविले. त्या घरांतून अशी नावे कोणी ऐकली आहेत काय? सॉलोमन म्हणजे सुलेमान आणि अब्राहम म्हणजे इब्राहिम, इंग्रज कारकुनाने नावांवर हात फिरविला, असे फार तर म्हणता येईल. विल्यमचे काय करावे? आणि रेनफ्रेड? एरवी ही किरकोळ चूक मानून सोडून दिली असती. पण ज्या खेळात नाव, देश आणि बोलण्याची ढब हाच पुरावा, तेथे नाव चुकणे म्हणजे पुरावाच चुकणे होय. सदर खेळ उत्तम आहे, हे मान्य करूनच ही तक्रार नोंदवीत आहे.

येथील महाविद्यालयांतून संगणक शिकणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या दाभोळच्या किंवा जयगडच्या गलबतावरचे रहस्य रचावयास घेतले, तर खलाशांची नावे त्याला घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळतील. रचना अर्धी झाली की ती शेजारच्या एखाद्या कारकुनापुढे ठेवावी आणि आपण बाजूला बसावे. तो चुकीच्या माणसाला खुनी ठरवू लागेल, तेव्हा उत्तर अगदी ओठांवर येईल. ते गिळून, त्याची नजर कोणत्या वस्तूवरून कोठे गेली, एवढेच वहीत टिपून ठेवावे.