बोलक्या भिंतीची गोष्ट

नाट्यसंगीत आणि अभंग यांवर पोसलेल्या आमच्या कानांना रॉक संगीत कधी मानवले नाही. चिरंजीवांच्या खोलीतून गिटारचा गदारोळ ऐकू आला की आम्ही दार लोटून घेत असू. भिंती रंगविणारे तरुण तर आम्हांस निव्वळ उनाड वाटत. पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त प्रागला गेले असता त्यांनी तेथील एका भिंतीचे छायाचित्र पाठविले. त्या भिंतीचा इतिहास वाचला आणि आमच्या दोन्ही मतांना तडा गेला.

८ डिसेंबर १९८० रोजी 'बीटल्स' या विख्यात वाद्यवृंदातील जॉन लेनन यांची न्यूयॉर्क येथे हत्या झाली. चेकोस्लोव्हाकियात तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. प्रागमध्ये फ्रेंच वकिलातीसमोरच्या एका भिंतीवर कोणीतरी लेनन यांचे चित्र काढले. हळूहळू तेथे गीतांच्या ओळी उमटल्या आणि पाठोपाठ मनातली गाऱ्हाणीही. सरकारने रंग फासून ती पुसावीत आणि तरुणांनी पुन्हा लिहावीत, असा क्रम ती राजवट कोसळेपर्यंत चालला.

संगीताला सत्ताधीशांनी एवढे का भ्यावे? ऑगस्ट १९६८ मध्ये सोविएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्याच वर्षी तेथे 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा रॉक वाद्यवृंद जन्मला. राजकारण हा त्या मंडळींचा मूळ विषय नव्हता. केस वाढवावेत आणि आपल्या मनाचे वाजवावे, एवढीच त्यांची हौस. परंतु परवाना गेला, चोरून वाजविणे नशिबी आले आणि १९७६ मध्ये खटला होऊन काहींना तुरुंगवास घडला. त्या खटल्यास नाटककार वाक्लाव हावेल उपस्थित होते. आज गाणाऱ्याचे तोंड बांधले जाते, उद्या आपलेही बांधले जाईल, हे विचारवंतांना उमगले. जानेवारी १९७७ मधील 'चार्टर ७७' या प्रसिद्ध जाहीरनाम्यामागे त्या खटल्याची प्रेरणा होती. डिसेंबर १९८९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

हे वाचताना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मागील भिंतीवर कोळशाने लिहिलेले आढळले : 'मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप का?' सीमाभागात राहणाऱ्यांना भिंतीवरच्या अक्षरांची धास्ती नवी नाही. त्यातून दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. आम्ही तातडीने चुना मारविला. अक्षरे पुन्हा उमटली. आम्ही वह्या मागवून हस्ताक्षर जुळवीत बसलो. कुलूप मात्र तसेच राहिले. पुढच्या सत्रात पाण्याची सोय झाली, कुलूप निघाले आणि लिहिणेही थांबले. ज्ञानदेवांनी भिंत चालविल्याची कथा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो, पण आमच्याच शाळेची भिंत बोलत होती, ते आम्हांला ऐकू आले नाही.

प्रत्येक रेघोटी म्हणजे हुंकार, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रागच्या भिंतीवरही पुढे प्रवाशांच्या नावांची गर्दी झाली. २०१४ मध्ये काही कलाविद्यार्थ्यांनी नव्या पिढीला जागा मिळावी म्हणून ती सारी भिंत पांढरी केली, आणि २०१९ मध्ये डागडुजीनंतर तेथे फवाऱ्याच्या रंगास बंदी आली. शिस्त हवीच; पण पुसण्यापूर्वी वाचण्याचीही शिस्त हवी.

यंदा शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीचा एक पट्टा आम्ही काळा रंगवून घेतला व शेजारी खडू ठेवला. कोणीही, नाव न घालता, लिहावे. पहिला आठवडा थट्टामस्करीत गेला. आठव्या दिवशी एकच ओळ होती : 'प्रयोगशाळा कधी उघडणार?'

तिची किल्ली आमच्याच मेजाच्या खणात होती.