हिऱ्यातला गुणी दोष

आईची हिऱ्याची चमकी दुरुस्तीला घेऊन पंढरपुरात ओळखीच्या सराफांकडे गेलो होतो. त्यांनी अतिनील दिवा धरला आणि कणीएवढा हिरा निळा उजळला!

हिरा म्हणजे कार्बन. त्यात नायट्रोजन शिरला, शेजारची जागा रिकामी राहिली, की असा प्रकाश दिसू शकतो.

मला वेड लावलंय ते याच्याच भावंडाने: एक नायट्रोजन, शेजारी एक रिकामी जागा. हिरवा लेझर टाकला की तांबडा प्रकाश येतो. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह दिल्या की तो किंचित मंदावतो. नेमका कोणत्या वारंवारतेला मंदावतो, ते चुंबकक्षेत्राप्रमाणे सरकतं. अणूंएवढा चुंबकमापक, तोही साध्या खोलीच्या तापमानाला!

आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट यावर काम करतो. २०२४ मध्ये त्यांनी टीसीएससोबत चिपमधलं चुंबकक्षेत्र दाखवणारं यंत्र हाती घेतलं.