कॅसलरॉकचा नाका आणि परदेशातून येणारे पार्सल

गोव्याच्या मुक्तीपूर्वी लोंढ्याकडून आगगाडीने गोव्यात जाणाऱ्या प्रवाशाला सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉक स्थानकात आपले सामान उघडून दाखवावे लागे. पुढे दूधसागराच्या धबधब्याजवळून घाट उतरून गाडी कुळे येथे पोहोचली की पोर्तुगीज अंमलदार तीच तपासणी पुन्हा करीत. दोन स्थानकांमधील अंतर अवघे सव्वीस किलोमीटरांच्या आसपास. परंतु तेवढ्या प्रवासात राज्य बदले, नाणे बदले आणि कराचे दरही बदलत. आज कॅसलरॉक हे कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील, जोयडा तालुक्यातील एक शांत गाव आहे. तेथील नाका कधीच उठला. मात्र नाक्यावर विचारले जाणारे प्रश्न अद्याप उठलेले नाहीत. भ्रमणध्वनीवरून परदेशातील वस्तू मागविणाऱ्या प्रत्येक नागरिकाला त्यांची उत्तरे आजही द्यावी लागतात.

घाटमाथ्यावरील नाका

इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये 1878 साली एक करार झाला. त्या अन्वये 1880 पासून दोन्ही मुलखांच्या भू-सीमेवरील जकात उठविण्यात आली आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. या व्यवहारात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांनी नियंत्रण मिळविले व त्यापोटी पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये देऊ केले. त्याची झळ गोव्यातील मिठागरवाल्यांना बसली. घाटातील लोहमार्ग 1888 मध्ये पूर्ण झाला. परंतु 1892 मध्ये कराराची मुदत संपली आणि तो पुढे चालू राहिला नाही. सीमेवर पुन्हा जकात आली व कॅसलरॉकच्या फलाटावर तपासणी सुरू झाली. पुढे 1955 मध्ये भारत सरकारने गोव्याशी असलेली रेल्वे वाहतूक बंद केली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि या सीमेचे प्रयोजनच संपले.

त्या नाक्यावर अंमलदार मुख्यतः तीन गोष्टी पाहत : वस्तू कोणती आहे, तिची किंमत किती आहे आणि ती नेण्यास मुभा आहे काय. प्रवासी समोर उभा असल्यामुळे कर कशाचा व किती, हे त्याला तेथल्या तेथे कळे. आजच्या खरेदीत ग्राहक घरी असतो आणि तपासणी शेकडो मैलांवर होते. गैरसमज आणि फसवणूक यांचे मूळ येथेच आहे.

आजचा नाका कोठे आहे?

परदेशातून टपालाने येणारे पार्सल प्रथम मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणच्या परदेश टपाल कार्यालयात उतरते. तेथे सीमाशुल्क अधिकारी पार्सलावरील घोषणापत्र तपासतात. लहान पाकिटांवर हे घोषणापत्र ‘सीएन 22’ नावाच्या चिठ्ठीच्या रूपात लावलेले असते. वस्तूचे नाव, वजन व मूल्य त्यावर लिहिणे पाठविणाऱ्याचे कर्तव्य आहे. मूल्य संशयास्पद वाटल्यास अधिकारी पार्सल उघडू शकतात व खरेदीची पावती मागू शकतात. शुल्क आकारल्यानंतर पार्सल गावच्या टपाल कार्यालयाकडे येते आणि पार्सल देतेवेळी टपाल खाते ती रक्कम वसूल करते. खाजगी कुरिअरने माल आल्यास ग्राहकाच्या ओळखीचा पुरावा मागितला जातो व कुरिअर कंपनी शुल्काशिवाय आपला सेवाआकारही घेते. घाटातील व रानातील अनेक गावांपर्यंत कुरिअर पोहोचत नाही. अशा ठिकाणी टपालाचा मार्ग निवडणे सोयीचे ठरते. मात्र टपालाच्या लहान पाकिटाला दोन किलोग्रॅमची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवावे.

शुल्काचा हिशेब

संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही अंतिम किंमत नव्हे. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही. वाहतूक खर्च व विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर ते आकारले जाते. प्रथम मूळ सीमाशुल्क, लागू असल्यास त्यावरील अधिभार आणि नंतर या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, असा क्रम असतो. म्हणजे करावरही कर बसतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या शिक्षकाने 1,800 रुपयांचे उपकरण मागविले व वाहतुकीस 200 रुपये पडले. हिशेब समजण्यापुरते मूळ शुल्क शेकडा 10 आणि वस्तू व सेवा कर शेकडा 18 धरू. 2,000 रुपयांवर 200 रुपये शुल्क झाले. 2,200 रुपयांवर 396 रुपये कर झाला. शिक्षकाला एकूण 596 रुपये अधिक द्यावे लागतील. वस्तूगणिक दर निराळे असतात व अर्थसंकल्पात ते बदलतात, म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी चालू दर पाहावा. शुल्काची रक्कम 100 रुपये वा त्याहून कमी असेल तर ती वसूल केली जात नाही. विक्रेत्याने दाखविलेल्या किमतीत शुल्क धरले आहे की नाही, हेही आधीच पाहून घ्यावे. माल परत पाठविला तरी भरलेले शुल्क आपोआप परत मिळत नाही.

भेटवस्तू व निर्बंध

परदेशी असलेल्या नातेवाइकांनी पाठविलेली भेट करमुक्त असते, असा समज अजूनही आढळतो. पूर्वी ठराविक मूल्यापर्यंत तशी सवलत होती. डिसेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. जीवरक्षक औषधे व राखी यांचा अपवाद करण्यात आला. इतर भेटवस्तू पूर्ण शुल्क भरून आणता येतात.

शेतकरी बांधवांनी बियाण्यांविषयी विशेष दक्षता घ्यावी. बियाणे व रोपे आणण्यासाठी आयात परवाना आणि पाठविणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ऑगस्ट 2020 मध्ये न मागविता येणाऱ्या अनोळखी बियाण्यांच्या पाकिटांबद्दल केंद्र सरकारने राज्यांना सावध केले होते. असे पाकीट आल्यास बियाणे पेरू नये वा फेकून देऊ नये. कृषी अधिकाऱ्यांकडे सुपूर्द करावे. एका पाकिटातून आलेली कीड साऱ्या शिवाराचे नुकसान करू शकते.

खोट्या नाकेदारापासून सावध

“आपल्या नावाचे मौल्यवान पार्सल विमानतळावर अडकले आहे, सोडविण्यासाठी पैसे भरा,” असे दूरध्वनी अनेकांना येतात. कधी समाजमाध्यमावर ओळख झालेला परदेशी ‘मित्र’ भेट पाठविल्याचे सांगतो, तर कधी अटकेची धमकी दिली जाते. सीमाशुल्क विभाग दूरध्वनी करून कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर शुल्क भरावयास सांगत नाही. विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. पैसे गेलेच, तर विलंब न करता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कॅसलरॉकच्या फलाटावर अंमलदार गणवेशात समोर दिसे व पैसे घेतल्यास पावती देई. आजच्या ग्राहकानेही तोच नियम पाळावा. जी वस्तू आपण मागविलेली नाही तिचे शुल्क भरू नये, आणि जी मागविली आहे तिचे शुल्क टपाल कार्यालयात किंवा अधिकृत कुरिअरकडेच भरून पावती घ्यावी. ग्रामपंचायत, शाळा व टपाल कार्यालय यांनी ही माहिती आपल्या फलकावर लावल्यास अनेक कुटुंबांची कष्टाची पुंजी वाचेल.