लहर मोजणारी पट्टी

पावसाळ्यात भातसानगरला धरणाची पातळी मोजायची, तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: नोंद किती वेळाने घ्यायची आणि पट्टीवरच्या खुणा किती बारीक ठेवायच्या. दिवसातून एकदाच नोंद घेतली, तर रात्री चढलेले आणि पहाटे दरवाजे उघडल्यावर उतरलेले पाणी वहीत दिसणारच नाही. मोबाइल, वायफाय, ऑप्टिकल फायबर अशा अनेक जलद संपर्कयंत्रणांत मोजणीचे हेच काम एक छोटे सर्किट करते. आलेली सलग लहर ते ठरावीक क्षणांना मोजून आकड्यांत मांडते. त्याला अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, थोडक्यात ‘एडीसी’ म्हणतात.

नियम साधा आहे. संकेताचा पट्टा जितका रुंद, त्याच्या किमान दुप्पट वेगाने नोंदी हव्यात. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यात, खोडदला, ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही दुर्बीण पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा टिपत असे. सुधारणेनंतर ती 400 मेगाहर्ट्झपर्यंत टिपते. त्यासाठी सेकंदाला 80 कोटी नोंदी लागतात. प्रत्येक अँटेनाचे दोन, असे 60 संकेत आणि प्रत्येक नोंद 8 बिटांची धरली, तर सेकंदाला 48 अब्ज बाइट माहिती जमा होते.

8 बिट म्हणजे पट्टीवर 256 खुणा. मग त्या वाढवत का नाहीत? पहिली अडचण घड्याळाची. 400 मेगाहर्ट्झची लहर इतकी वेगाने बदलते, की नोंदीचा क्षण सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाने मागेपुढे झाला, तरी आठ बिटांपलीकडचा तपशील पुसला जातो. दुसरी अडचण पाळ्यांची. वेग वाढवण्यासाठी अनेक एडीसी आळीपाळीने वापरतात; पण एकाची पट्टी जरा वरखाली असली, तर पाण्यात नसलेली लाट वहीत उमटते. तिसरी अडचण विजेची. बारीक मोजणीत एक बिट वाढवायला कधी कधी चौपट वीज लागते.

गंमत म्हणजे आकाशातून येणारा संकेत हा निव्वळ खरखर असतो. त्याला दोन-तीन बिटही पुरतात. बाकीचे बिट लागतात ते माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटासाठी. मोठा आवाज पट्टीबाहेर गेला, तर त्याच्यासोबतचा क्षीण संकेतही बिघडतो.

डोंगराआडच्या पाड्यावरच्या मोबाइललाही हाच पेच असतो: लांबच्या टॉवरची कुजबुज ऐकायची, जवळचा गोंगाट सोसायचा आणि बॅटरीही पुरवायची. वेग, बारकावा आणि विजेची बचत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. कुठे किती सोडायचे, हे ठरवणे हीच एडीसी घडवणाऱ्याची खरी कसोटी.